शोपँचं ई मायनर प्रील्यूड (ओपस २८ नं. ४) नक्की किती हळू वाजवायचं? आणि अ‍ॅप याला जी मेजर का म्हणतंय?

रविवारी_रियाज:

नमस्कार मंडळी. इथे पेटी, तबला, गाणं यावरचेच धागे जास्त दिसतात पण पियानोवाले पण दोनचार आहेत असं कळलं म्हणून विचारतेय. लहानपणी पेटी शिकले होते, आता मुलगा कॉलेजला गेल्यावर डिजिटल पियानो घेतलाय आणि क्लास लावलाय. सरांनी शोपँ या संगीतकाराचं ते छोटं ई मायनर प्रील्यूड दिलंय, एक पान आहे फक्त, लेफ्ट हँडला सारख्या त्याच त्याच कॉर्ड (एकदम दाबलेले तीन सूर) आणि वरती राइट हँडला एक लांब लांब सूर. नोट्स बसल्या लवकर. गाडी अडलीये ती लयीवर.

वर लिहिलंय लार्गो, म्हणजे संथ. मेट्रोनोमचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती ठोके, कुठेही नाही. अ‍ॅपमधे लार्गो म्हणजे ४० ते ६० असं येतं, मी ४० ला लावलं तर राइट हँडचा सूर अर्ध्यातच विरून जातो आणि मग पुढचा सूर वाजवला की त्याचा आधीच्याशी काही संबंधच वाटत नाही. सर म्हणतात जरा पुढे चल, रडत बसू नकोस. पण यूट्यूबवर बघावं तर एकेकजण इतकं हळू वाजवतात की मधे चहा टाकून यावा. मग खरं काय?

दुसरं म्हणजे मी वाजवलेलं रेकॉर्ड करून एका अ‍ॅपमधे टाकलं, ते म्हणतंय की: जी मेजर. पुस्तकात तर स्पष्ट ई मायनर. एकच शार्प (अर्धा सूर वर चढवायची खूण) आहे सुरुवातीला, एफ शार्प. मग जी मेजर का नाही?

आणि तिसरं जरा बावळट आहे पण विचारतेच. याचा मूड फक्त दुःखी असाच धरायचा का? घरातले सगळे म्हणतात काय सुतकी वाजवतेस, पण मला वाजवताना ते नुसतं दुःखी वाटत नाही, काहीतरी अस्वस्थ वाटतं, आणि ते कुठून येतं तेच कळत नाहीये.

पांढरी_तीन:

ताई तुम्ही पेटीवरून आलाय म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. आधी कीचं बघू.

जी मेजर आणि ई मायनर या दोघांचे सूर तेच, म्हणून सुरुवातीला शार्पही तोच एक. फरक सा कुठे धरला याचा. ई म्हणजे आपली पांढरी तीन, तिला सा धरा आणि राइट हँडचं पहिलं वाक्य म्हणून बघा. बी म्हणजे पंचम आणि त्याच्या वरचा सी म्हणजे कोमल धैवत. प, ध कोमल, परत प, परत ध कोमल. तीन बार, म्हणजे उभ्या रेघांमधले तीन कप्पे, हेच चाललंय, दुसरं काही नाही!! आसावरी अंगाचं गाणं ऐकलेल्या माणसाला हा कोमल धैवत पंचमावर टेकतो तेव्हा काय होतं ते सांगायची गरज नाही. तुम्ही जी ला सा धरलात तर तेच सूर ग म ग म असे होतात आणि सगळी हवाच जाते. अ‍ॅपला सा ऐकू येत नाही, ते बहुतेक सूर मोजतं आणि मोकळं होतं.

आता त्या बिचाऱ्या अ‍ॅपची बाजू पण घेतो. पहिली कॉर्ड बघा, खालून जी, बी, ई. म्हणजे कॉर्ड ई मायनरचीच पण तळाला जी ठेवलाय, ई वरती टांगलाय. तळाला ई घेऊन नीट बसलेली ई मायनर कॉर्ड तुम्हाला थेट शेवटच्या बारमधे मिळते, २५ व्या. तोपर्यंत षड्जावर बसूच देत नाही हा माणूस. सुरुवातच तिरकी आहे तर मशीनचा गोंधळ होणारच. अस्वस्थ कुठून येतं विचारलंत ना, त्यातलं बरंचसं इथून येतं असं माझं मत.

आणि एक, चौथ्या बारच्या शेवटी बी वरून बी फ्लॅट आणि मग पाचव्याला ए. म्हणजे पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम सरळ पायरीने खाली. दोन्ही मध्यम लागोपाठ ललितमधे येतात पण तिथे पंचमच नाही. त्यामुळे हे कुठल्या रागात बसवायला जाऊ नका, मी एकदा बसून प्रयत्न केलेला आहे, नुसती डोकेदुखी. पहिल्या तीन बारपुरतं राग म्हणून ऐका, त्याच्यापुढे खालच्या कॉर्ड ऐका, खरी गंमत तिकडे आहे.

कावळा_ऑन_द_रॉक्स:

मी तर बुवा ४० च्याच बाजूचा. लार्गो म्हणजे लार्गो. घाईघाईत वाजवलं की ते वेटिंग लिस्टवरच्या माणसासारखं वाटतं. रात्री हेडफोन लावून एकदम संथ वाजवा, कोणाच्या बापाला काय करायचंय.

न्यूजर्सीची_काकू:

कावळ्या, हेडफोन लावून तू काहीही वाजव रे, तिला क्लासमधे वाजवायचंय 🙂

रियाज, मी इकडे मुलांना पियानो शिकवते आणि हे पीस दरवर्षी कोणी ना कोणी वाजवतंच, त्यामुळे हा लयीचा प्रश्न मला तोंडपाठ आहे. तुझ्या पुस्तकात कीच्या शेजारी बघ, सी सारखं चिन्ह आहे आणि त्याच्या मधून उभी रेघ गेलीये का? चांगल्या एडिशनमधे ती रेघ असते. त्याचा अर्थ बारमधे चार नाही तर दोन मात्रा मोजायच्या, प्रत्येक मात्रेत चार चार कॉर्ड. म्हणजे लार्गो हे या मोठ्या मात्रेला लागू आहे, तू ४० ला जी क्लिक लावलीस ती बहुतेक क्वार्टर नोटला, म्हणजे बारच्या चौथ्या हिश्शाला लावलीस. सगळे तेच करतात कारण अ‍ॅप तसंच दाखवतं.

हिशोब करून बघ. २५ बार, प्रत्येकात चार क्वार्टर, म्हणजे ढोबळमानाने शंभर क्लिक. ६० ला वाजवलंस तर पावणेदोन मिनिटाच्या आत संपतं, ५० ला दोन मिनिटं, ४० ला अडीच मिनिटं. आता राइट हँडचा तो लांब बी तीन क्लिकचा आहे, ४० ला तो साडेचार सेकंद टिकवायचाय आणि पियानोचा सूर तर वाजल्या क्षणापासून उतरायला लागतो, व्हायोलिनसारखा धरून ठेवता येत नाही. तुझा सूर विरतोय यात तुझी काही चूक नाही, तो विरणारच. मोठे लोक हळू वाजवून दाखवतात कारण त्यांच्याकडे नऊ फुटी ग्रँड असतो आणि पहिला सूर किती वजनाने टाकला की शेवटपर्यंत पुरेल हे त्यांच्या हाताला माहीत असतं. डिजिटलवर मी क्वार्टरला ५२ ते ६० च्या मधे कुठेतरी सांगेन, आणि मोजताना दोनच मोज, एक... दोन... म्हणजे आपोआप पुढे सरकतं. तुझे सर तेच म्हणतायत.

शोपँने आकडा का दिला नाही म्हणशील तर त्याला मेट्रोनोमचं वावडं नव्हतं. त्याच्या एट्यूड्सवर (सरावाच्या रचनांवर) आकडे आहेत छापलेले, आणि शिकवताना पियानोवर मेट्रोनोम ठेवलेला असायचा असं त्याचा शिष्य मिकुली लिहून गेलाय. पण ही २४ प्रील्यूड्स १८३९ ला छापली त्यात कुठेच आकडा नाही, फक्त शब्द. त्यामुळे कोणी तुला "हाच बरोबर स्पीड" म्हणून एक आकडा सांगितला तर ऐकून घे आणि सोडून दे. माझा पण.

आता खरा मुद्दा. लय राइट हँडवरून ठरवू नकोस, लेफ्टवरून ठरव. राइट हँड काही करतच नाहीये जवळजवळ, वर बसून दोन सुरांत हेलकावे खातंय. हालचाल सगळी खाली आहे. एक प्रयोग कर, लेफ्ट हँडच्या कॉर्ड सुट्या न वाजवता, कॉर्ड बदलेल तेवढीच एकदा दाबून धर आणि पुढे जा. मग कळेल की प्रत्येक वेळी तीनातला एखादाच सूर, बहुतेकदा अर्ध्या सुराने, खाली घसरतोय. कधी मधला, कधी वरचा, कधी तळातला. तळाचा जी वरून निघून पहिल्या अर्ध्यात उतरत उतरत बी पर्यंत येतो. हे घसरणं कानाला एक सलग ऐकू आलं पाहिजे, ते ज्या लयीत ऐकू येतं ती तुझी लय. त्याच्यापेक्षा हळू गेलीस की आधीची कॉर्ड कान विसरतो आणि मग नुसती ठकठक उरते. फास्ट गेलीस तर घसरल्याचं कळतच नाही.

आणि त्या कॉर्ड हळू आवाजात वाजव गं बाई. सगळी मुलं त्या आठ आठ कॉर्ड हातोडीने मारल्यासारख्या मारतात. पट्टी पूर्ण वर येऊ द्यायचीच नाही, अर्धी वर आली की परत दाबायची, बोट चिकटलेलंच.

कावळा_ऑन_द_रॉक्स:

काकू ते दाबून धरायचा प्रयोग आत्ता केला. डेंजर आहे राव. ४० वरून ४८ ला आलोय, यापुढे नाही जाणार.

वसईकर_बाप्तिस्मा_केलेला:

मूडबद्दल मी लिहितो. मी चर्चमधे ऑर्गन वाजवतो, पियानो फक्त घरी, तेव्हा तंत्राचं वरती काकूंनी सांगितलंय ते धरा.

हे प्रील्यूड शोपँच्या स्वतःच्या अंत्यविधीला वाजलं होतं. ३० ऑक्टोबर १८४९, पॅरिसचं मादलेन चर्च, ऑर्गनवर लेफेब्यूर-वेली. हे आणि बी मायनरचं सहावं. मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, पण झालं होतं त्या दिवशी. त्यामुळे घरचे सुतकी म्हणतात त्यात तथ्य आहे असं म्हणायला जागा आहे 😄 पण एक लक्षात घ्या, लिहिताना त्याने ते अंत्यविधीसाठी लिहिलेलं नाही. १८३८-३९ च्या हिवाळ्यात तो जॉर्ज सँड या लेखिकेबरोबर मायोर्का बेटावर होता, वाल्देमोसाच्या जुन्या मठात, खोकला, पाऊस, आणि पॅरिसहून प्लेयेल या पियानो बनवणाऱ्याने पाठवलेला पियानो कस्टममधे अडकलेला. तिथे हा संच पूर्ण झाला. त्यामुळे प्रत्येक प्रील्यूडमधे लोक पाऊस आणि मठ ऐकतात. मला नाही पटत तेवढं. काही प्रील्यूड्स तो तिथे जाण्याआधीच लिहून बसला होता, आणि माणूस खोकतोय म्हणून कॉर्ड अर्ध्या सुराने घसरत नाही, ती त्याने बसून विचार करून घसरवलेली आहे.

नावं पण त्याने दिलेली नाहीत. पुढे हान्स फॉन ब्यूलो या पियानोवादकाने एकेका प्रील्यूडला नाव चिकटवलं, या चौथ्याला दिलं "गुदमरणं". नाव म्हणून मला आवडत नाही पण कान बरोबर होता त्याचा. ताईंना जे अस्वस्थ वाटतंय ते हेच असणार. दुःखात माणूस एका जागी बसतो, इथे खालची जमीन सारखी सरकतेय आणि वरचा माणूस ते कळूनही त्याच दोन सुरांवर आहे.

मायनर म्हणजे दुःखी आणि लार्गो म्हणजे रडका हे समीकरण डोक्यातून काढायचं असेल तर याच संचातलं नववं ऐका. तेही लार्गो. सा पण तोच, ई, फक्त मेजर. १२ बारचं आहे आणि एकदम राजाच्या मिरवणुकीसारखं भारदस्त, फोर्टिसिमोपर्यंत, म्हणजे खूप जोरात जातं. मग विसावं ऐका, सी मायनर, तेही लार्गो, १३ बार, सुरुवातच जोरात आणि मग हळू, आणखी हळू आवाजात. तीन लार्गो तीन तऱ्हेचे. आणि मायनर म्हणाल तर सोळावं, बी फ्लॅट मायनर, प्रेस्टो म्हणजे अतिद्रुत, ते ऐकून कोणाला रडू येत असेल तर त्याची बोटं अडकलीत कुठेतरी.

अजून एक. संचातला क्रम बघा, सी मेजर मग ए मायनर, जी मेजर मग ई मायनर, असं जोडीजोडीने पुढे जातो. म्हणजे आपल्या चौथ्याच्या आधी तिसरं आहे जी मेजर, विवाचे म्हणजे चपळ, लेफ्ट हँड झऱ्यासारखं धावतंय, मजेत. तेच सूर, तोच एक शार्प. ते दोन लागोपाठ ऐकले की ताईंचा दुसरा प्रश्न आपोआप सुटतो, पांढरी_तीन यांनी सांगितलेलं कानाने कळतं.

रविवारी_रियाज:

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काकू ती उभी रेघ आहे पुस्तकात!! मी ती छपाईचा दोष समजून सोडली होती. दोन मोजून ५४ ला वाजवलं आज, राइट हँडचा सूर पुढच्याला जाऊन भेटतोय आता. तिसरं आणि चौथं लागोपाठ ऐकलं ते पण भारी वाटलं.

पण आता नवीन अडचण. मधे १६-१७ व्या बारपाशी स्ट्रेटो लिहिलंय आणि फोर्टे (जोरात), तिथे लेफ्ट हँडला एकदम लांब लांब उड्या आहेत. तिथे मी एकतर अडखळते नाहीतर इतकी जोरात जाते की पुढचं सगळं बिघडतं. आणि रुबातो, म्हणजे लय जरा मागेपुढे, करायचं म्हणतात ते इथेच का? सर म्हणाले "फील कर", आता फील काय करू, हात पोचत नाही.

पांढरी_तीन:

हात पोचत नाही तिथे फील हे उत्तर ऐकून मजा आली.

रचना बघा म्हणजे घाबरायला होणार नाही. १२ बार झाले की १३ व्याला परत पहिल्यासारखंच सुरू होतं, तोच बी तोच सी, त्याच जी बी ई वर. म्हणजे मुखडा परत घेतलाय. पण पहिल्या वेळी जो प्रवास निवांत १२ बारमधे केला तो दुसऱ्या वेळी चारपाच बारमधेच उरकून थेट त्या मोठ्या जागेवर येतो. स्ट्रेटो म्हणजे तिथे थोडं दाटून पुढे सरकायचं, द्रुत नाही करायचं. १८ पासून उतरायला लागा, २० पर्यंत सगळं मावळतीला लागलेलं असतं, स्मोर्झांदो (विरत जाणं) लिहिलेलं दिसेल. अख्ख्या पानात आवाज वर जाणारी ही एकच जागा, त्यामुळे आधी कुठेही जोर खर्च करू नका.

न्यूजर्सीची_काकू:

उड्यांसाठी: त्या दोन बारचा लेफ्ट हँड वेगळा काढ, राइट अजिबात नको. तळाचा सूर आणि त्याच्या वरची कॉर्ड यांच्यात पॅडल काम करतं, हात नाही. तळाचा सूर वाजला की पॅडल दाब आणि हात बिनधास्त उचलून वर ने, सूर पॅडलमधे राहतो. हात पसरून धरायचा प्रयत्न करतेस म्हणून अडखळतेस, तुझ्या काय माझ्याही हातात ते मावत नाही. कॉर्ड बदलली की पॅडल बदल, हा नियम सगळीकडे, नाहीतर घसरणारे अर्धे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

रुबातोचं सांगते. शोपँच्या शिष्यांनी जे लिहून ठेवलंय त्यात एक गोष्ट परत परत येते, की लेफ्ट हँडने ताल सोडायचा नाही, मागेपुढे व्हायचं ते राइटने. म्हणजे तबलजी ठेक्यावर पक्का आणि गाणारा थोडा आधी थोडा नंतर, तुला पेटीमुळे हे मुलांपेक्षा लवकर जमेल. त्या स्ट्रेटोत मात्र दोन्ही हात मिळून पुढे जातात, ती वेगळी गोष्ट.

आणि शेवट विसरू नकोस. २३ व्या बारमधे तळाला बी फ्लॅट असलेली एक विचित्र कॉर्ड येते, मग विश्रांतीच्या चिन्हावर फर्माटा, म्हणजे थांबून राहायची खूण. बरीच मुलं तिथे पॅडल दाबून ती कॉर्ड घुमत ठेवतात. फर्माटा कॉर्डवर नाहीये, विश्रांतीवर आहे, पाय उचल. मग शेवटच्या तीन कॉर्ड अगदी हळू आवाजात, पण लयीतच, तिथे परत ४० ला जाऊ नकोस.

वसईकर_बाप्तिस्मा_केलेला:

त्या २३ व्या बारबद्दल काकूंना दुजोरा. तळाचा तो बी फ्लॅट पुढच्या बारला बी वर चढतो आणि मग शेवटी ई. एवढा वेळ सगळं खाली घसरत होतं, तिथे तळाचा सूर अर्ध्या सुराने वर जातो. ऑर्गनवर वाजवलं की पायाखाली कळतं ते. पियानोवर तळाचे ते तीन सूर, बी फ्लॅट, बी, ई, आधी एकटे वाजवून बघा आणि मग वरचे भरा.

कावळा_ऑन_द_रॉक्स:

५० ला आलो. काकूंना सांगू नका.